मामाच्या मानाची एक माळ

अक्का, सुभेदार साहेब, आपल्या उंबरा गटातली सगळी भावंडं, आणि गावोगावहून उठून आलेल्या मंडळींनो,

खुर्च्या कमी पडल्यात. खालच्या कारखान्यातून चादरींचे गठ्ठे आणून काहीजण त्यावर बसलेत, काहीजण जिन्यात उभे आहेत. एवढी गर्दी बघून अण्णा चिडले असते. म्हणाले असते, "कामधंदा न्हाई का रे तुमाला?" आज तसं म्हणणारं कोणी नाही. तेव्हा बसा. जागा मिळेल तिथं बसा.

मला बोलता येत नाहीये. खरंच सांगते. एरवी मी फोनवर तास तास बोलते. आमचे मालक म्हणतात, हिला चार्जिंग लागतच नाही. पण इथं उभी राहिले आणि पहिलं वाक्यच सापडेना. पाच दिवस झाले. पाच दिवसांत मला अजून पटलेलं नाही की सिद्रामअण्णा गेले. सकाळी साडेसातला फोन वाजला की मी अजून "बोला अण्णा" असं म्हणूनच उचलते. काल गॅसवाल्याला म्हणाले.

नवीन मंडळी आहेत म्हणून सांगते. मी वैशाली. उंबरा गटाचा फोन माझ्याकडे असतो. कुठल्या गावात कोणता जवान निवृत्त होऊन घरी येणार आहे, त्याच्या घरी कोण कोण आहे, गावकऱ्यांनी काय बेत केलाय, हे सगळं मी विचारून ठेवते आणि अण्णांना सांगते. सांगत होते. आमचे मालक, दत्तात्रय, फौजेतच होते. ते बघा, तिथं खांबाला टेकून उभे आहेत. बसत नाहीत आजकाल.

अण्णा कसे गेले ते बहुतेकांना माहीत आहे. नातेपुत्याजवळच्या एका गावात विकास नावाचा जवान नोकरी पुरी करून घरी येत होता. त्याच्या स्वागतात फटाक्यांची माळ लागली. अण्णा पडले ते उठलेच नाहीत. फटाके वाजवणार नाही, असं गावानं आपल्याला कबूल केलं होतं. तरी वाजले. म्हणून उद्या सकाळी दहाला नातेपुत्याच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जायचं, असं आपल्या गटात ठरलंय. माळ लावली विकासच्या मामांनी, म्हणून तक्रार त्यांच्यावर. अर्ज सुभेदार साहेबांच्या खिशात आहे. सभा संपली की त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्यात.

मंडळी, त्या अर्जावर सही करायच्या आधी माझं ऐका. एक गोष्ट तुम्हाला कोणालाच माहीत नाही. आमच्या मालकांनाही नाही. ती सांगायलाच मी उभी राहिलेय. पण ती एकदम तोंडातून निघत नाहीये. आधी मला अण्णांबद्दल बोलू द्या, म्हणजे जरा बळ येईल.

आठ वर्षांमागे आमचे मालक नोकरी संपवून आले. बार्शीजवळचं आमचं गाव. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडे जवान परत आला की काय करतात ते. वर्गणी काढून उघडी जीप आणली. डीजे आणला. शाळेतली मुलं रांगेत उभी केली. मी नवी साडी नेसून, आरतीचं ताट घेऊन दारात. काय माझा तोरा होता त्या दिवशी! आणि चौकात सुतळी बॉम्ब लागले. पहिला वाजला आणि मालक जीपवरून दिसेनासे झाले. मला वाटलं, वाकून कोणाच्या तरी पाया पडतायत. ते जीपखाली होते. गळ्यात हार, तोंड मातीत, दोन्ही हात डोक्यावर. लोक हसले. हसले हो लोक! कुणीतरी व्हिडिओ काढला, तो तालुकाभर फिरला. फौजी फटाक्याला घाबरला म्हणून.

हसणाऱ्यांत मीही होते. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, गंमत करतायत.

त्यानंतर गावात लग्नाची वरात आली की मालक न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायचे. पाण्याच्या आवाजात बाकीचं ऐकू येत नाही म्हणून. मी बाहेरून दार बडवायचे, की पाणी वाया जातंय. मला काही कळतच नव्हतं. आणि दिवसभर लोक एकच विचारायचे. पानटपरीवाला विचारायचा, न्हावी विचारायचा, माझ्या बहिणीचे मालक तर जेवताना विचारायचे. "दाजी, किती मारले?" ताटात भात, हातात घास, आणि "किती मारले?"

अशात एक दिवस दारात एक उंच म्हातारा उभा. कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर टॉवेल, हातात कडक भाकऱ्यांचं गाठोडं. "मी सिद्राम. अक्कलकोटाकडचा. फौजेत हुतो," एवढंच म्हणाले आणि मालकांशेजारी ओट्यावर बसले. तासभर ते फक्त एस.टी.बद्दल बोलले. गाडीला गर्दी किती होती, कंडक्टरनं सुट्या पैशावरून कसा वाद घातला, खिडकी कशी लागत नव्हती. मग उठून गेले. पुढच्या आठवड्यात परत आले, परत एस.टी. मी मनात म्हटलं, ह्या माणसाला घरी बोलायला कोणी नाही वाटतं. तिसऱ्या खेपेला मला बाजूला बोलावून म्हणाले, "पोरी, किती मारले ते त्याला इचारू नको. का घाबरला तेबी इचारू नको. भूक लागली का, एवढंच इचार."

एवढंच औषध. दुसरं काही नाही. मी रोज विचारायचे, भूक लागली का? आणि एके दिवशी मालक आपणहून बोलायला लागले. काय बोलले ते मी इथं सांगणार नाही. ते त्यांचं आहे. पण ते बोलत असताना अण्णा शेंगा सोलत बसले होते, आणि त्यांनी एकदाही मान वर केली नाही, ते मला आठवतंय.

त्यातून हा गट उभा राहिला. अण्णांचं म्हणणं साधं होतं. गाव जवानाला जीपवर चढवतं, चौकात नाचवतं, फोटो काढतं आणि चौकातच सोडून जातं. घराच्या उंबऱ्याच्या आत त्याला कोणी आणत नाही. म्हणून स्वागताच्या आठ दिवस आधी अण्णा एस.टी.नं त्या गावी जायचे. पारावर बसायचे. म्हणायचे, जीप नको, चालत आणा. डीजे नको, फटाके नको, भाषण नको. दारात पाय धुवा, आत घ्या, जेवायला वाढा. गावकरी वैतागायचे. एकजण म्हणाला, "अवो अण्णा, मंग ह्ये स्वागत कसलं? ह्ये तर पाव्हणा आल्यागत झालं की." अण्णा म्हणाले, "मंग? पाव्हणाच हाय त्यो. त्याला घरचा करायला वरीस जाईल. तवर धीर धर."

काही गावांत ऐकलं. काही गावांत हाकललं. एका शाळेत तर स्नेहसंमेलनात पोरं प्लॅस्टिकच्या बंदुका घेऊन ठो ठो करत नाचत होती. अण्णा बाईंना म्हणाले, बंदूक असू दे, पण शेवटी ती खाली ठेवायचा एक प्रवेश घाला. बाईंनी घातला. पोरांनी बंदुका खाली ठेवल्या आणि खाली ठेवलेल्यातली नवी बंदूक कोणी उचलायची यावरून स्टेजवरच मारामारी झाली. अण्णा इतके हसले, इतके हसले की त्यांना बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं.

काही लोक म्हणतात, हा माणूस फौजेच्या विरोधात होता. अजिबात नाही. फौजेतल्या माणसांवर त्यांचा जीव होता. ते लढाईच्या विरोधात होते, आणि ते पुस्तक वाचून झालेले नव्हते. एक गोष्ट त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली. ऐन तरुणपणी एका चकमकीनंतर समोरच्यांच्या खंदकात त्यांना अर्धी रोटी, कांदा आणि एक चिठ्ठी सापडली. चिठ्ठी उर्दूत. रुपयाच्या नोटेसारखी घडी घालून ती त्यांनी जपली आणि रजेवर सोलापूरला आले तेव्हा गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानात नेली. तिथल्या चाचांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "इसमें खुफिया कुछ नईं जी अण्णा. भैंस जनी बोलके लिख्या है. छपरा गळ रा बोलके लिख्या है. कब आते, पूछ्या है." अण्णा म्हणायचे, म्हैस व्यायली आणि छप्पर गळतंय, हेच माझ्या बायकोच्या पत्रात होतं. तेच! "त्या म्हशीच्या रेडकाचं काय झालं असंल गं?" असं ते मला कधीही मधेच विचारायचे. भाजी निवडताना विचारायचे. मी काय सांगणार?

या उन्हाळ्यात टीव्हीवर लढाईचं वारं सुटलं, तेव्हा अण्णा पाच निवृत्त जवानांना घेऊन आपल्या चौकात पुठ्ठे धरून उभे राहिले. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, "आम्ही लढलोय. आम्हाला विचारा." मी पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभी. एक गाडीवाला थांबला, अण्णांना देशद्रोही म्हणाला आणि त्यांच्या अंगावर चहा ओतला. गरम चहा. आमचे मालक पुढे सरसावले. अण्णांनी हातानं त्यांना अडवलं, टॉवेलनं शर्ट पुसला आणि त्या गाडीवाल्याला विचारलं, "तुजं पोरगं भरतीला कवा धाडतोस? तारीख सांग. सोडायला मी येतो." तो माणूस गाडी चालू करून निघून गेला. मालक त्या गाडीमागं धावायला निघाले. त्यांना अण्णा म्हणाले, "दत्ता, तुला आत्ता तो शत्रू दिसला का न्हाई? बघ किती पटकन दिसतो. आपल्याला तेवढंच शिकवलंय. ते विसरायला शिकायचं."

हे वाक्य मला पाच दिवस झोपू देत नाहीये.

आता त्या दिवसाचं सांगते. मी तिथं होते. अण्णांपासून बारा पावलांवर होते.

सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. विकास गाडीतून उतरला. जीप नाही, डीजे नाही. अण्णांनी त्याची बॅग घेतली. तो म्हणाला, "अण्णा, द्या हिकडं, जड हाय." अण्णा म्हणाले, "म्हणूनच घेतली." आम्ही चालायला लागलो. वेशीतून सरळ रस्ता त्याच्या घराला जातो. पण त्या रस्त्यात उसाची ट्रॉली कलंडलेली. मोळ्या रस्ताभर पसरलेल्या, मागे आणखी दोन ट्रॉल्या अडकलेल्या. कोणीतरी म्हणालं, शाळेच्या मागनं चला. आम्ही वळलो.

आणि शाळेच्या मागं माळ लागली.

हजाराची माळ. पाच-सहा हातांवर. मला काही कळलंच नाही. विकास जागीच खिळला. अण्णांनी बॅग टाकली, ओरडले, "आडवा हो!" आणि त्याला खाली पाडून त्याच्या अंगावर पडले. पूर्ण अंगावर. दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकलं. माळ वाजतच होती. मिनिटभर वाजली असेल. मग थांबली. धूर होता. धुरातून विकासचा आवाज आला, "अण्णा, उठा. झालं." परत म्हणाला, "अण्णा, झालं, उठा." तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलाचा झाला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आम्हाला कोणाला खरं वाटेना. ज्या माणसानं गावोगावच्या जवानांना धीर दिला, तो माणूस फटाक्यांनी जाईल? अण्णा तर म्हणायचे, "मला काय हुतंय? माजे कान कवाच मेलेत." आम्ही विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

अण्णा लिंगायत. त्यांच्यात बसवून माती देतात. दुसऱ्या दिवशी अण्णांना बसवलं. काही मंडळींनी बिगुल आणला होता, सलामी द्यायची म्हणून. अण्णांच्या मंडळी, आपल्या अक्का, आत रडत होत्या त्या बाहेर आल्या आणि कानडीत म्हणाल्या, "साकु. आवाज साकु." पुरे म्हणाल्या. आवाज पुरे झाला म्हणाल्या. आणि मग तिथंच, मातीशेजारी उभ्या राहून त्यांनी आम्हाला सांगितलं. तीस वर्षं, मंडळी, तीस वर्षं अण्णा दिवाळीत सोलापुरात राहिलेले नाहीत. लोकांना सांगायचे, देवाला जातो. अक्कांच्या माहेरी रानात एक कोठी आहे, तिथं ते चार दिवस कानात कापूस घालून बसायचे. अक्का त्यांचा हात धरून बसायच्या.

त्यांनी आम्हाला विचारलं तसं आम्ही त्यांना कधी विचारलंच नाही. "अण्णा, भूक लागली का?" हे एकदाही कोणी विचारलं नाही. मी तर रोज फोनवर होते. रोज!

आता ती गोष्ट.

स्वागताच्या दोन दिवस आधी मला फोन आला. अकलूजहून. सकाळची वेळ, गॅसवर दूध होतं. "ताई, मी विकासचा मामा बोलतोय. तुमच्या अण्णांनी गावाला फटाक्याची बंदी केलीया म्हनं." मी म्हटलं, बंदी नाही मामा, विनंती केलीय. तर म्हणाले, "ताई, त्याचं जावळ माझ्या मांडीवर काढलं. त्याच्या लग्नात पयला आहेर माझा. आन् आता पोरगं एवढी वर्सं नोकरी करून येतंय, तर मामानं मोकळ्या हातानं यायचं व्हय? भैन काय म्हनंल? एक माळ, ताई. मामाचा मान म्हनून. एकच. लांब कुटंतरी लावतो."

मंडळी, तुम्ही आपल्याकडची माणसं आहात. मामाचा मान म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? माझ्या मुलीच्या जावळाला माझा भाऊ आला नव्हता, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मी त्या मामांचा आवाज ऐकला आणि मला भाऊच आठवला. आणि खरं सांगायचं तर मनात असंही आलं की आमच्या मालकांना आता एवढं होत नाही, विकासलाही होणार नाही. एका माळेनं काय होतंय? मी हसले. म्हटलं, "बरं मामा. एकच. आणि लांब."

ते म्हणाले, "लांब म्हंजे कुटं, ताई?"

मी आदल्या आठवड्यात अण्णांबरोबर ते गाव बघून आले होते. मीच म्हटलं, "शाळेच्या मागं मोकळं रान आहे ना, तिथं लावा. तिकडं कोणी येत नाही."

ऐकलंत? माळ लावायला मी हो म्हटलं. जागा मी सांगितली. मामांनी शब्द पाळला. एकच लावली. मी सांगितलं तिथंच लावली. मिरवणूक वेशीतून निघाली, असा कोणीतरी फोन केला, तेव्हा लावली. रस्ता बदलला ते त्यांना कोणी कळवलं नाही. आणि मी, मी त्या वाटेला वळताना माझ्या लक्षातही आलं नाही. मी कुणाशी तरी बोलत चालले होते. माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होते.

अण्णांना मी सांगितलं नव्हतं. रागावतील म्हणून. "नाही म्हणून सांग त्यांना" असं म्हणतील आणि मला मामांना परत फोन करावा लागेल, ते मला नको होतं. म्हणून. एवढ्यासाठी. त्यांना माहीत असतं तर त्यांनी आम्हाला त्या वाटेला वळूच दिलं नसतं. ट्रॉलीजवळ बसवून ठेवलं असतं तासभर. सांगितली असती एस.टी.ची गोष्ट.

अहो, बसा तुम्ही. मालक, बसा. माझं संपू द्या.

अजून एक आहे. ते याहून वाईट आहे. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात सुभेदार साहेबांनी सगळ्यांसमोर मामांना विचारलं, "कुणाला विचारून माळ लावली?" साहेब, तुम्हाला आठवत असेल. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच उभी होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "कुनालाच न्हाई. माजीच चूक झाली." आणि मी गप्प राहिले. तिथं गप्प, काल बैठकीत गप्प, तुम्ही अर्ज वाचून दाखवलात तेव्हाही गप्प. "गावकऱ्यांनी शब्द देऊन फसवलं," असं त्यात वाक्य आहे. मी ते ऐकून मान हलवली. हलवली, साहेब! माझ्याच मानेची मला लाज वाटते.

ते मामा पाच दिवस माझं नाव पोटात घेऊन बसलेत. मी कोण त्यांची? फोनवर एकदा बोललेली बाई. माझा संसार आहे, माझं गटात नाव आहे, म्हणून त्या माणसानं सगळं स्वतःवर घेतलं. आणि आपण काय केलं? आपण चौकात पुठ्ठे धरणारी माणसं. अण्णा जाऊन पाचच दिवस झाले, तर आपल्याला शत्रू सापडला. अकलूजचा एक म्हातारा मामा. किती पटकन सापडला! अर्जाच्या दोन पानांत सापडला.

साहेब, मी तुमच्यावर बोट दाखवत नाहीये. तुमचं दुःख मला दिसतं. अण्णा तुमचे मित्र होते, तुम्ही तीन दिवस जेवला नाहीत, वहिनींनी मला सांगितलं. रागानं माणसाला उभं राहता येतं, ते मला कळतं. पण राग काढायचाच तर बरोबर माणसावर काढा. ती मी आहे. इथं उभी आहे.

आणि विकासचं ऐका. त्याच्या आईचा काल मला फोन आला. पोरगं खोलीतनं बाहेर येत नाही. बॅग उघडली नाही. अण्णांनी उचललेली बॅग, तशीच दारात आहे. आई म्हणाली, "त्यो म्हनतो, माझ्यापायी गेले. मी न्हाय आलो असतो तर जिवंत असते." उद्या त्याच्या मामांना चौकशीला बोलावतील. मग तो म्हणेल, मामांनाही माझ्यापायी. मग तो पोरगा कुठल्या न्हाणीघरात नळ सोडून बसेल, सांगा मला? अण्णांनी स्वतःचं अंग घालून ज्याला झाकलं, त्याला आपण उघड्यावर टाकायचं का? अण्णांना आता आपण काही देऊ शकत नाही. विकासला देऊ शकतो.

उद्या दहाला मी येईन. मी पळून जाणार नाही. अर्जात नाव घालायचं असेल तर माझं घाला, त्यावर पहिली सही मीच करते. पण माझं एक मागणं आहे. त्याआधी पहाटे पाचच्या गाडीनं माझ्याबरोबर नातेपुत्याकडे चला. ज्यांना यायचं त्यांनी या. साहेब, तुम्ही तर याच. त्या पोराच्या ओट्यावर जाऊन बसू. काही विचारायचं नाही. तो बाहेर आला तर आला, नाही आला तर परवा परत जाऊ. अण्णा तीनदा आले होते आमच्याकडे. आपण तीसदा जाऊ.

अक्का, तुमची माफी मी सगळ्यांदेखत मागते. तुम्ही द्याल असं मला वाटत नाही, आणि द्यावी असंही मी म्हणत नाही. तुमचं तीस वर्षं जपलेलं माणूस माझ्या एका "बरं"मुळे गेलं. मी उद्यापासून तुमच्या दारात येत राहीन. घेतलंत तर आत येईन.

मालक, तुम्हाला हे मी घरी आधी सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही. तुम्ही माझ्याकडे असं बघू नका.

आता शेवटी दोन मिनिटं मौन पाळायची आपली रीत आहे. तुम्ही पाळा. अण्णांसाठी पाळा. मनापासून पाळा. मला मात्र त्यातून सूट द्या. पाच दिवस मी मौनच पाळलंय. आणखी पाळलं तर मी मेल्यातच जमा.

तिथं मागे, जिन्याच्या तोंडाशी, टोपी हातात घेऊन एक गृहस्थ उभे आहेत. गर्दीत तुमचं कोणाचं त्यांच्याकडे लक्ष गेलेलं नाही. आल्यापासून ते आत आलेले नाहीत, त्यांना कोणी गठ्ठाही दिलेला नाही. सकाळच्या गाडीनं अकलूजहून आलेत.

तुमचं मौन चालू असताना मी खाली उतरते आणि मामांच्या शेजारी जाऊन उभी राहते.